गावाने जुळवलेली जोडी

इसक्कीमुत्तु नारळाच्या झाडावर होता, तेव्हाच खाली चुकीचे गाणे सुरू झाले.

नवऱ्या मुलाच्या थोरल्या चुलत्याने तक्रार केली होती, की कर्णा सरळ जेवणाच्या पंगतीत ओरडतो, वाढप्याकडे रसम मागितले तरी त्याला ऐकू जात नाही. म्हणून झाडाला बांधलेल्या कर्ण्याचे तोंड तळ्याकडे फिरवायला कर्णेवाला इसक्की वर चढला होता. थाळी बांधून झाली होती, म्हणजे मंगळसूत्र गळ्यात पडले होते. नादस्वरवाले घाम पुसत कॉफी प्यायला बसले होते आणि त्यांच्या जागी आता तबकडी वाजायची होती. इसक्कीने तबकडी लावली, सुई टेकवली, वल्ह्याचा पाण्यातला आवाज आणि त्यामागून बासरी ऐकली आणि तो निर्धास्त होऊन झाडाला भिडला. त्या तबकडीच्या दोन्ही बाजूंना एकाच सिनेमातली गाणी होती आणि दोन्ही अशीच सुरू होत. एका बाजूला सावकाराची लेक नावाड्याच्या होडीत बसून आपल्या लग्नाचा मांडव कसा घालायचा ते गाते. दुसऱ्या बाजूला दोघेही नदीत बुडालेले असतात आणि रिकामी होडी वाहत जाते.

तो सिनेमा न पाहिलेला माणूस वेप्पनूरच्या पंचक्रोशीत औषधालासुद्धा मिळाला नसता. कोट्टैच्या तंबू टॉकीजमध्ये तो महिनोन्महिने चालला. बैलगाड्या जुंपून लोक जात, वाळूचे ढिगारे करून त्यावर बसत, आणि बायका शेवटी अशा रडत की पुढच्या खेळाच्या बायका बाहेर उभ्या राहून त्या आवाजानेच रडायला लागत. त्यामुळे बासरी संपून शब्द आले, 'रिकाम्या होडी, आता कुणाला पैलतीरी नेशील,' तेव्हा मांडवात कुणाला काही समजावून सांगावे लागले नाही. वाढपी बादली हातात घेऊन तसाच उभा राहिला. म्हाताऱ्या बायकांनी कानांवर हात ठेवले. वरून इसक्कीला सगळे दिसत होते. हळदीच्या दोऱ्यातली नवी थाळी गळ्यात घातलेली कांतिमतीही दिसत होती. ती एकटीच मान वर करून झाडाकडे बघत होती.

नारळाच्या झाडावरून घाईने उतरता येत नाही. इसक्की घसरत उतरला, त्याच्या छातीची आणि मांड्यांची सालटी निघाली, तरी एक कडवे पुरते वाजले. यंत्राला हात लावायला कोणी पुढे झाले नाही, कारण ते गाणे बंद करणाऱ्याच्या अंगाला काय चिकटेल याची प्रत्येकाला धास्ती होती. शेवटी मुलीच्या मामाने टेबलालाच लाथ घातली.

चूक कशी झाली ते इसक्कीला संध्याकाळी घरी तबकडी पुसताना कळले. तबकडीवरचा कागद केव्हाच झिजून गेला होता, म्हणून लग्नाच्या गाण्याच्या बाजूला त्याने कुंकवाचे बोट लावून ठेवले होते. पण नुकतीच आयुधपूजा झाली होती. त्या दिवशी घरातले प्रत्येक हत्यार, प्रत्येक यंत्र पुजतात. त्याच्या आईने, पेच्चियम्माने, कर्ण्याला, बॅटरीला, पेटीला चंदनकुंकू लावले होते आणि देवाचे काम अर्धवट नको म्हणून प्रत्येक तबकडीला दोन्ही बाजूंनी लावले होते. तिचा हेतू चांगलाच होता. इसक्की तबकडी घेऊन तसाच मुलीच्या बापाकडे, उलगनाथनकडे धावला. उलगनाथनने तबकडीकडे बघितलेसुद्धा नाही.

खरी गोष्ट इतकी साधी होती, की ती कुणालाच पुरेना. गावाला दुसरी गोष्ट हवी होती आणि ती त्यांना तोंडपाठ होती. आदल्या दिवशी कर्णा बांधताना इसक्कीने त्या घरात पाणी मागितले होते आणि कांतिमतीने तांब्या आणून दिला होता. मग आठवले, की ती तबकडी लावायचा निरोप खुद्द तिनेच धाकट्या बहिणीबरोबर पाठवला होता. मग तो नेमका त्याच वेळी झाडावर का चढला? तिला शेवटचे बघायला. तळ्यावर कपडे धुणाऱ्या बायकांनी आठवडाभरात सगळे जुळवून टाकले. एकीने तर दोघांना देवळामागे बोलताना पाहिल्याचे सांगितले, आणि सांगता सांगता तिचे डोळे भरून आले. ती खोटे बोलत नव्हती. तिने पाहिले होते, फक्त ते पडद्यावर पाहिले होते.

इसक्कीला हे सगळे प्रथम हसण्यावारी न्यावेसे वाटले. त्याचे वय तिशीच्या पुढचे, एक डोळा किंचित तिरळा, आयुष्यात बाईशी बोलला तो आईशी आणि कॉफीच्या दुकानातल्या म्हातारीशी. आणि त्याच्यावर आळ आला तो प्रेमाचा. कॉफीच्या दुकानात पोरे त्याला नावाडी म्हणू लागली तेव्हा त्याला थोडे बरेही वाटले, हे खोटे कशाला सांगा. पण माहेरपणाला आलेल्या कांतिमतीला न्यायला सासरचे कोणी आले नाही, आणि त्याच्या हसण्याला कुलूप लागले.

पिंपळाच्या पारावर बैठक बसली. नवऱ्या मुलाकडून त्याचा चुलता आला होता, नंबिराजन, तोच तो रसमवाला. मुलगा स्वतः आला नाही. त्याचे नाव वेलमयिल, त्याची भाताची गिरणी होती, आणि गिरणी सोडून त्याला येता येत नव्हते म्हणे. इसक्कीने पुन्हा तबकडी पुढे केली, दोन्ही बाजूंची कुंकवाची बोटे दाखवली, आईला विचारा म्हणाला. सगळ्यांनी पेच्चियम्माकडे पाहिले.

पेच्चियम्मा विधवा होती. लग्नघरांसाठी चकलीसारखे मुरुक्कू आणि अनारशासारखे अधिरसम करून देण्यावर तिची चूल चालत असे, आणि विधवेच्या हातचे पक्वान्न लग्नात चालते ते कोणी त्यावर बोट ठेवत नाही तोवरच. तिच्या हाताने कुंकू लागले आणि त्या कुंकवाने लग्नात मर्तिकाचे गाणे वाजले, एवढे एकदा पारावर बोलले गेले की पुन्हा तिच्या हातचे कोणी दारातसुद्धा येऊ दिले नसते. हे सगळे तिच्या मनात आले असावे. ती पदर सारखा करून म्हणाली, "मी कशाला तबकड्यांना हात लावीन? मला त्यातलं काय कळतं?"

इसक्की आईकडे बघतच राहिला. तिने मान वर केली नाही. पोराला प्रेमाचा डाग लागला तर तो पुसला जातो, उलट मिरवताही येतो, असा हिशेब तिने केला असेल तर तो पुरुषांच्या बाबतीत चुकीचा नव्हता.

मग नंबिराजन म्हणाला, करुप्पसामीसमोर कापूर लावा. हा माणूस पेटता कापूर तळहाताने विझवून शपथ घेऊ दे. करुप्पसामी खोटी शपथ खपवून घेत नाही, हे सगळ्यांना मान्य होते. शपथ खरी निघाली तर मुलीला पालखीतून नेऊ.

इसक्की त्याच दुपारी अंघोळ करून ओल्या धोतराने गेला. गावाबाहेर करुप्पसामीची उघड्यावरची मूर्ती, मोठ्या मिशांची, हातात कोयता. पानावर कापराची भली मोठी वडी पेटवली होती. उलगनाथनच्या घरातले सगळे आले होते आणि बायकांच्या घोळक्यात कांतिमती होती. इसक्की मोठ्याने म्हणाला, "उलगनाथन अण्णाचींच्या लेकीशी माझा काही संबंध नाही. कधी नव्हता. तिच्याकडे मी त्या नजरेनं पाहिलेलं नाही." आणि त्याने जाळावर तळहात दाबला. शपथ कच्ची राहील या भीतीने त्याने तो लवकर उचलला नाही, त्यामुळे कातडे चांगलेच जळले. त्याला वाटले, सुटलो आपण, आणि ती बिचारीही सुटली.

तेवढ्यात मागून कुणा म्हातारीने हुंदका दिला. "तो नावाडीसुद्धा असाच उभा होता गं," ती म्हणाली.

आणि मग इसक्कीला आठवले. त्या सिनेमात नावाड्याला देवीसमोर उभे करतात. सावकाराच्या लेकीची अब्रू वाचवायला तो खोटी शपथ घेतो, की मी हिचे तोंडही पाहिलेले नाही. तिथे तंबूत शिट्ट्या वाजत आणि बायका पहिल्यांदा पदर डोळ्यांना लावत. मग देवी त्याला नदीत घेते आणि ती त्याच्यामागून उडी टाकते. इसक्कीने स्वतः तो भाग कित्येकदा पाहिला होता. त्याच्या हाताचा जाळ होत होता आणि भोवती लोक त्याच्याकडे अशा प्रेमाने बघत होते, की त्याला पळून जावेसे वाटले.

नंबिराजनने घसा साफ केला. तो म्हणाला की शपथ घेतली हे ठीक, पण देवाला वेळ द्यायला हवा. एक मंडल थांबू, म्हणजे दीड महिना आणि वर थोडे दिवस. तेवढ्यात याला काही झाले नाही तर मुलगी आमची.

तेव्हापासून इसक्कीचा जीव ही त्याची एकट्याची मालमत्ता उरली नाही. त्याने झाडावर चढणे बंद केले. नदीवर अंघोळीला जाणे सोडले. वाटेत बैल दिसला की तो बांधावर उभा राही. लग्नांची बोलावणी आपोआपच थांबली होती, म्हणून त्याला घरी बसून राहणे फारसे जड गेले नाही. आईशी तो बोलत नव्हता. ती पुढे ताट सरकवी, तो जेवे. लोक मुद्दाम त्याच्या दारावरून जात आणि कसं काय, बरं आहे ना, असे विचारत. त्याने बरे आहे म्हटले की त्यांचा चेहरा जरासा उतरे. ते दुष्ट होते असे नाही. त्यांना शेवट ठाऊक होता आणि तो लांबतो आहे एवढेच त्यांना खुपत होते. कॉफीच्या दुकानातला तंगैया तर तोंडावर म्हणाला, "का तिला लटकवून ठेवतोस इसक्की? एकदा काय ते होऊन जाऊ दे."

कार्तिगैच्या पावसात त्याला ताप भरला. साधा ताप, त्या ऋतूत घरोघरी असतो तसा. पण तळ्यापर्यंत बातमी गेली ती करुप्पसामीने इसक्कीला धरले अशी. पेच्चियम्मा घाबरून देवाला नारळ ठेवायला निघून गेली. इसक्की घोंगडी पांघरून पडून होता आणि त्याला एकच विचार सतावत होता. आपण मेलो तर ती बाई फुकट जाईल. आयुष्यात आपल्या मरण्याजगण्याने कुणाचे काही अडेल असे त्याला पूर्वी कधी वाटले नव्हते.

त्या संध्याकाळी कार्तिगै दीपम होता. प्रत्येक उंबऱ्यावर पणत्या लागल्या होत्या आणि गाव देवळापुढची ताडाच्या झावळ्यांची होळी बघायला गेले होते. दार ढकलून कांतिमती आत आली. तिच्या हातात काढ्याचे भांडे होते, मिरी आणि तुळस घालून उकळलेला काढा.

"अण्णाची, उठा," थोरल्या भावाला हाक मारावी तशी ती म्हणाली. "हे गरम आहे तोवर प्या."

तो धडपडत उठून बसला. तिने भांडे खाली ठेवले नाही, त्याच्या हातातच दिले, आणि तो पिऊन संपवीपर्यंत समोर उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर माया नव्हती. हिशेबात एक आकडा चुकू नये म्हणून माणूस जसा डोळ्यांत तेल घालून बघतो, तशी ती बघत होती.

"मला त्या घरी परत जायचंय," ती म्हणाली. "माणूस बरा आहे. लग्नाच्या रात्री मला म्हणाला, तू घाबरू नकोस, गाण्यानं काय होतं. चुलता त्याला येऊ देत नाही. मंडल संपलं की येईल तो. तुम्ही मरू नका, अण्णाची. मरायचंच असलं तर नंतर खुशाल मरा, मी आडवी येणार नाही. पण आत्ता नाही."

इसक्की म्हणाला, "नाही मरणार."

"उद्या पुन्हा देईन पाठवून. आईला सांगा, तुमचं डोकं ओलं करू नका म्हणावं."

आणि ती गेली. इसक्की रिकाम्या भांड्याकडे बघत बसला. त्याला दरदरून घाम फुटला, ताप उतरू लागला. त्याने जगावे म्हणून एक माणूस चिखल तुडवत आले होते. त्याला रडू आले. जे प्रेम सगळ्या गावाने त्याच्यावर लादले होते, ते त्या संध्याकाळी त्याला खरोखरच झाले. त्याने ते चोरी केल्यासारखे मनात दडवले.

पण बाहेर पणत्या होत्या. एरवी त्या गल्लीत डोळ्यात बोट घातले तरी दिसत नसे. आज एकेका उंबऱ्यावर ओळीने दिवे, आणि समोरच्या घरात पाय मोडलेली एक म्हातारी वाऱ्याने पणत्या विझू नयेत म्हणून राखण करत बसलेली. तिने कांतिमतीला आत जाताना पाहिले, बाहेर येताना पाहिले, आणि होळीवरून लोक परतले तेव्हा तिने जे सांगितले त्यात तिखटमीठ घालायची गरजच नव्हती. तो मरायला टेकला, तेव्हा ती लाज सोडून धावली. यापेक्षा जास्त पुरावा कुणाला हवा होता?

इसक्की खडखडीत बरा झाला. मंडल संपले, त्याच्या केसालाही धक्का लागला नाही. शपथ खरी होती हे करुप्पसामीने आपल्या परीने सांगितले, पण आता ऐकायला कोणी थांबले नव्हते. मंडल संपण्याआधीच एक बैलगाडी उलगनाथनच्या दारात येऊन उभी राहिली होती. तिच्यात लग्नात दिलेली भांडी होती, पितळी समई होती, घंगाळ होते. गाडीवानाबरोबर निरोप होता, की थाळीतले सोने आमचे आहे ते काढून द्या. कांतिमती गाडीच्या मागे आणखी कोणी येते आहे का ते बघत दारात उभी राहिली. मग तिने स्वतःच तो दोरा डोक्यावरून काढला आणि गाडीवानाच्या हातात दिला.

त्यांच्या जातीत एकाची थाळी तोडून दुसऱ्याची बांधायची रीत होती. त्यामुळे पोंगलनंतर गावाने उरलेले काम पुरे केले. उलगनाथन आधी नाही म्हणाला, पण दुसरा नवरा आणायचा कुठून? पारावरच्या लोकांनी त्याला समजावले, की सिनेमात सावकार आडमुठा होता म्हणून दोन जीव गेले, तू तसा होऊ नकोस. कांतिमतीला कोणी विचारले नाही, कारण तिचे उत्तर सगळ्यांना माहीत होते. इसक्कीलाही विचारले नाही. तो मात्र नाही म्हणू शकला असता आणि म्हणाला नाही, एवढा वाटा त्याचा. लग्नाला कोट्टैहूनसुद्धा माणसे आली. कर्णा दुसऱ्या गावाहून भाड्याने आणला होता. थाळी बांधताना बायका रडल्या, पण या वेळी सुखाने, आणि तंगैयाने शिट्टी वाजवली.

पेच्चियम्माच्या मुरुक्कूला एवढी मागणी कधी नव्हती. इसक्कीच्या कर्ण्यालाही लोक शकुनाचा मानू लागले. मुहूर्ताला त्याच्याच हाताने पहिली तबकडी लागली पाहिजे असा आग्रह होऊ लागला. त्याने कापराची जळकी खूण असलेला तळहात दाखवावा म्हणून वऱ्हाडी त्याच्या मागे लागत. घरात कांतिमती भात शिजवी, अंगण सारवी, सासूचे पाय चेपी. तिच्या वागण्यात बोट ठेवायला जागा नव्हती. अण्णाची म्हणायचे तिने सोडले होते आणि त्या जागी दुसरे काहीच म्हणत नव्हती.

एकदा दुपारी ती वाढत असताना इसक्कीने धीर केला. आई परसात डाळ पाखडत होती. तो ताटाकडे बघत म्हणाला, "एक सांगू? तेव्हा माझ्या मनात काही नव्हतं. पण तू काढा घेऊन आलीस ना, त्या दिवसापासून आहे. खरंच आहे."

कांतिमतीचा हात थांबला.

"तुम्ही जाळावर हात ठेवून सांगितलंत, हिच्याशी माझा काही संबंध नाही," ती म्हणाली. "सगळ्या गावात ते खरं मानणारी मी एकटी. नवऱ्यानं मानलं नाही, बापानं मानलं नाही. मी मानलं. आता तुम्ही येऊन ते खोटं करू नका. माझ्याकडे तेवढंच उरलंय."

"पण मी आत्ताचं सांगतोय, कांती."

"जेवा. आमटी निवतेय."

तो जेवू लागला. दारात पावले वाजली. शेजारच्या गल्लीतले नवे जोडपे आले होते, तबकात विड्याची पाने, केळी, सुपारी घेऊन. लग्न झाले की आधी देवळात आणि मग या दोघांच्या पाया पडायला यायचे, अशी गावात आता पद्धतच पडली होती. इसक्की हात धुऊन आला. कांतिमती डोक्यावरचे केस सारखे करून त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली, नेहमी राहते तेवढ्या अंतरावर. दोघांनी अक्षता टाकल्या. नवरा मुलगा बाहेर चप्पल घालायला वळला, तशी मुलगी घुटमळली. अजून तिच्या हातांची मेंदी लाल होती.

"अक्का, रागावणार नसाल तर एक विचारू?" ती हळूच म्हणाली. "तुमच्यात पहिल्यांदा कोण बोललं?"

कांतिमतीने इसक्कीकडे पाहिले. लग्न झाल्यापासून तिने त्याच्याकडे इतके सरळ पाहिले नव्हते.

"कोणीच नाही," ती म्हणाली.

मुलीचे डोळे भरून आले. तिने पदराच्या टोकाने ते पुसले आणि पुन्हा एकदा वाकून कांतिमतीच्या पायांवर डोके ठेवले.